एकोणिसावे मिनिट

ओळ शिसपेन्सिलीने लिहिलेली होती आणि अक्षर धाकटीचे होते. गीतपुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावर, पहिल्या सुराच्या डोक्यावर, शाळेतल्या मुलीने शुद्धलेखन लिहावे तशी सुबक ओळ: ‘भाऊजींचा आवाज फुटला की सुरू करणे.’ निरीक्षक खरे तर पुस्तक मिटायला वाकले होते. उघडी राहिलेली वस्तू त्यांना बघवत नसे. उघडे पुस्तक, उघडी बाटली, उघडा नळ. गुरुवारची दुपार होती, चर्चमध्ये कोणी नव्हते, आणि रविवारचा उपदेश हातातल्या घड्याळावर एकदा मोजून पाहावा म्हणून ते नेहमीप्रमाणे आले होते. त्यांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि मापाच्या पट्टीवरचा एखादा बारीक आकडा वाचताना करीत तसा चष्मा कपाळावर सरकवून तिसऱ्यांदा वाचली. शाई नव्हती, शिसे होते. पण बोट फिरवले तेव्हा ते पुसले गेले नाही. फार जुने झालेले शिसे कागदात मुरते. ओळीच्या शेवटी एक छोटा पूर्णविराम होता, आणि का कोण जाणे, त्यांचे बोट त्या पूर्णविरामावरच थांबले. जिने तो दिला तिला या गोष्टीबद्दल काहीच शंका नव्हती. सूर्य उगवला की कोंबडा आरवतो, भाऊजींचा आवाज फुटला की सुरू करणे.

धाकटी म्हणजे त्यांच्या दिवंगत धाकट्या भावाची बायको. या चर्चमध्ये ती तेहतीस वर्षे ऑर्गन वाजवत आली होती. त्यातली पहिली दोन सवाष्णपणाची, उरलेली एकतीस पांढऱ्या रुमालाची. निरीक्षक हे काही पाळक नव्हते. हयातभर त्यांनी एका कारखान्यात दाब मोजणारी गेज तपासली होती, आणि निवृत्तीला बारा वर्षे झाली तरी लोक त्यांना निरीक्षकच म्हणत. पण वर्षातून चार रविवारी पाळक त्यांना व्यासपीठ देत, आणि त्या चार रविवारी मागच्या बाकांवरही जागा उरत नसे. ‘त्यांच्यावर आत्मा उतरतो हो,’ असे म्हाताऱ्या म्हणत. पोरेटोरे म्हणत, ‘उतारा कुठलाही घ्या, निरीक्षकांची गाडी एकोणिसाव्या मिनिटाला इस्पितळात पोचणार म्हणजे पोचणार.’ पोरांचे हे बोलणे त्यांच्या कानावर आले होते, आणि त्यावर ते हसलेही होते, कारण वक्तशीरपणाचे कौतुक त्यांना कोणत्याही रूपात चालत असे.

“साहेब, झालं का मोजून?” चावीवाला आत आला होता. चर्चची राखण, झाडलोट, दिवे-पंखे सगळे त्याच्याकडे. पाय फरफटत चालायचा, त्यामुळे तो येण्याआधी त्याच्या चपला यायच्या.

“अजून सुरुवात नाही.”

“मग मी बसतो इथं. पंख्याचं नेहमीचंच ना? एकोणिसाव्याला बंद?”

चावीवाल्याला उत्तराची गरज नव्हती. “परवा घरात बायको म्हणाली, तुम्हाला कसं कळतं हो बरोब्बर बटण दाबायचं? म्हटलं, बाई, आमचं खातं वेगळं. आत्मा वरून येतो, पण मेनस्विच माझ्याकडं आहे.” आणि तो आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला. निरीक्षकांनी हातातली बारा कार्डे पाहिली. कोपऱ्यात मिनिटे, मधे मुद्दे, समासात खुणा: इथे थांबा, इथे आवाज खाली, इथे उजव्या बाकांकडे. सातव्या कार्डावर तांबड्या शाईत, ‘१९ – पंखा’. या वेळचा उतारा पाळकांनी मुद्दाम त्यांना दिला होता: एक प्रेषित एका मोठ्या शहरात भीत भीत, कापत कापत जातो आणि सांगतो की माझ्याकडे वक्तृत्व नाही, मी माणसाच्या हुशारीवर आलेलो नाही. ‘या विषयावर तुमच्यासारखं कोण बोलणार?’ असे पाळक म्हणाले होते. वक्तृत्व नको, हे सांगायला बारा कार्डे. आतापर्यंत त्यांना यात काही विसंगत वाटले नव्हते. चांगले काम आखणी करूनच होते, हे ते तंत्रनिकेतनात शिकले होते, आणि देवाचे काम चांगलेच व्हायला हवे.

तंत्रनिकेतनात कार्यशाळेचे एक शिक्षक होते, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावर एक गेज ठेवले. नळीला जोडलेले नाही, आत दाब नाही, काही नाही, आणि काटा मात्र चारवर. “हे काय दाखवतंय?” आणि त्यांनीच सांगितले, “हे पूर्वी केव्हातरी आलेला दाब दाखवतंय. आत एक वाकडी पितळी नळी असते. दाब आला की ती सरळ होऊ बघते, काटा फिरतो. एकदा तिच्यावर जबरदस्त दाब येऊन गेला की ती परत वळायचं विसरते. मग आत काही नसलं तरी काटा उभाच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय जोर आहे!” आणि मग ते म्हणाले होते, “साफ बंद पडलेलं गेज बरं, ते लाजतं तरी. हे लाजत नाही.” निरीक्षकांनी पुढे नोकरीत अशी शेकडो गेज बाजूला काढली. प्रत्येक तपासणीआधी ते नळी सोडवून काटा शून्यावर येतो का ते पाहत, आणि आला नाही तर तांबडी चिठ्ठी लावत. त्यांचे हात या कामात कधी चुकले नाहीत. आता रिकाम्या चर्चमध्ये, गीतपुस्तक हातात धरून, त्यांना ते शिक्षक का आठवत होते हे त्यांना नीट कळत होते आणि कळून घ्यायचे नव्हते.

एकतीस वर्षांपूर्वी भाऊ जाऊन नऊ दिवस झाले होते. त्या रविवारी उपदेश त्यांचाच ठरलेला होता आणि ठरलेले मोडायचे नाही म्हणून ते उभे राहिले होते. तयार केलेले ते बोलत गेले. काय बोलत होते ते आज आठवत नाही. मध्येच डोक्यावरचा पंखा करकरू लागला म्हणून चावीवाल्याने, तेव्हा तो तरणाबांड होता, तो बंद केला. पाती मंदावू लागली. आधी एकच राखी चकती होती, मग तिच्यातून पाती वेगळी झाली, मग एकेक पाते मोजता येऊ लागले, आणि तो आवाज, हवा कापणारा, उतरत जाणारा, दम सोडणारा आवाज. त्यांचा गळा दाटला आणि फुटला. पुढे शब्दच येईना. किती वेळ ते नुसते उभे होते कोणास ठाऊक. मग म्हणाले, “मला काही सांगता येत नाही.” आणि बसले. त्या बसण्यानंतर चर्चमध्ये जे झाले ते पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. कोणी मोठ्याने रडले नाही. पण बारा वर्षे एकमेकींशी न बोललेल्या दोघी सख्ख्या बहिणींपैकी एक उठली, मधली वाट ओलांडून गेली आणि दुसरीच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या चपलांचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिथे कोणीतरी आलेले होते. निरीक्षकांना ते पाठीवर जाणवले होते, थंड दिवसात मागचे दार कोणी उघडावे तसे.

त्याच संध्याकाळी त्यांनी नोंदवही काढली. सवयच ती. तारीख. बोलण्याचा विषय. ‘पंखा बंद: १९ वे मिनिट. आवाज: फुटला. परिणाम:’ आणि परिणामापुढची जागा त्यांनी आदराने कोरी सोडली होती. तीन महिन्यांनी ते पुन्हा बोलले, पंखा चालू राहिला, काहीही झाले नाही. लोक शिष्टपणे ऐकून घरी गेले. पुढच्या खेपेस त्यांनी चावीवाल्याला सांगून ठेवले. पाती मंदावली, गळा दाटला, आवाज फुटला, बायकांनी रुमाल काढले. तपासणी पुन्हा पुन्हा केली आणि निष्कर्ष तोच आला, म्हणजे पद्धत बरोबर. बोलणे संपल्यावर लोक विचारू लागले, शेवटी तुमचा भाऊ काय म्हणाला हो? त्या प्रश्नाला सांगण्याजोगे उत्तर नव्हते, आणि गाळलेली जागा त्यांना बघवत नसे. चौथ्या उपदेशात त्यांनी ती भरली. “त्यानं माझा हात धरला,” ते म्हणाले, “आणि म्हणाला, ‘दादा, दार उघडं आहे.’” वाक्य लहान होते, स्वच्छ होते, कुठल्याही उताऱ्याला बसत होते. आराधना संपल्यावर धाकटी कडेवरच्या लेकीला घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली होती. बाप गेल्यावर जन्मलेली लेक. “भाऊजी, खरंच असं म्हणाले ते?” निरीक्षक म्हणाले, “हो.” एका अक्षराचा शब्द. तो उच्चारायला जिभेला धड हलावेही लागत नाही.

पुस्तक परत करायचे निमित्त होते, म्हणून शुक्रवारी सकाळी ते धाकटीकडे गेले. तिच्या दोन खोल्यांत खोके आणि सुतळी पसरली होती. बोटांचे सांधे धरल्यापासून तिला ऑर्गन झेपत नव्हता, आणि लेकीने दुसऱ्या शहरातून निक्षून सांगितले होते की आता पुरे. येता रविवार तिचा शेवटचा. सोमवारी ती जाणार.

“या भाऊजी. बसायला जागा नाही, ह्या भांड्यांच्या खोक्यावर बसा. फुटायचं ते आधीच फुटलंय.”

“पुस्तक राहिलं होतं तुझं.”

“राहिलं नव्हतं, ठेवलं होतं. नवीन येणाऱ्या मुलीला लागेल. सगळं लिहून ठेवलंय त्यात, कुठं थांबायचं, कुठं पाळक हमखास एक कडवं विसरतात.” तिने त्यांच्याकडे बघितले. “काय झालं? तोंड का असं?”

“एकशे बारावर... माझ्याबद्दल लिहिलंयस.”

“अहो, मग मला कळणार कसं? माझी पाठ तुमच्याकडे. आरशात तुमचं तोंड दिसतं, घड्याळ दिसत नाही.” ऑर्गनवर हाताएवढा आरसा लावलेला होता, वाजवणारीला मागचे व्यासपीठ दिसावे म्हणून. “पण एकदाही चुकला नाहीत हं तुम्ही. दूधवाला चुकेल, तुम्ही नाही. माझे हात आपोआप वर जातात.” हे ती कौतुकाने म्हणाली. टोमणा असता तर बरे झाले असते. टोमण्याला उत्तर देता येते. तिने वाकड्या झालेल्या बोटांनी सुतळीची गाठ मारायचा प्रयत्न केला, सुटली, पुन्हा मारली. मग वर न बघता म्हणाली, “रविवारी ते सांगाल ना? दार उघडं आहे, ते?”

“का गं?”

“शेवटचं एकदा. या वेळी नीट ऐकेन म्हणते.”

ते घरी परतताना रस्ता नेहमीचाच होता, छापखाना, चष्म्याचे दुकान, कुलुपे दुरुस्त करणाऱ्याची टपरी, पण त्यांना प्रत्येक दारातून पंख्याचा आवाज येत होता. इतके पंखे या रस्त्यावर आहेत हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. इस्पितळातल्या त्या खोलीत एकच होता. धाकटी कपडे आणायला घरी गेली होती, पोट पुढे घेऊन, भिंतीला धरत. भाऊ डोळे मिटून पडला होता. मग म्हणाला, अगदी वैतागून, लहानपणी दोघे एका खाटेवर झोपत तेव्हा म्हणायचा तसा, “दादा, तो पंखा बंद कर रे. डोकं उठलंय माझं.” निरीक्षक उठले. भिंतीवर सहा बटणे होती. त्यांनी भावाकडे पाठ केली आणि डावीकडून सुरुवात केली, क्रमाने, कारण शोधायची तीच रीत. पहिले दाबले, दिवा गेला. दिवा परत लावला. दुसरे काहीच नाही. तिसरे व्हरांड्यातले. चौथे काहीच नाही. पाचवे पंख्याचे होते. आवाज उतरू लागला, ते समाधानाने वळले, आणि पाती अजून फिरत असताना भाऊ संपलेला होता. कोणत्या बटणाला ते झाले हे त्यांना कधीच कळणार नव्हते. हातबित त्याने काही धरला नव्हता. हात तर बटणांवर होता.

आता ती खोली आठवायला गेले की आधी ते दुसरेच वाक्य ऐकू येई. दार उघडं आहे. स्वच्छ, घडवलेल्या आवाजात, आणि तो आवाज त्यांचा स्वतःचा होता. एकतीस वर्षे त्यांनी मेलेल्याच्या तोंडी आपला आवाज घातला होता, आणि मेलेला स्वतःचा आवाज घेऊन कुठेतरी निघून गेला होता. शनिवारभर ते कार्डे मांडून बसले. खरे सांगावे, तर तिच्या पदरात एवढी एकच गोष्ट आहे, ती जाण्याच्या आदल्या दिवशी काढून घ्यायची. न सांगावे, तर ती सोमवारी ते खोटे सुतळीने बांधून लेकीच्या घरी नेणार, नातवंडांना सांगणार. देवाला विचारावे म्हणून ते गुडघ्यांवर टेकले आणि प्रार्थनेच्या तिसऱ्या वाक्यालाच आपला आवाज कुठे उतरतो आहे, कुठे थांबतो आहे, हे त्यांना ऐकू आले. ते प्रार्थना अर्धी सोडून उठले. खोलीत कोणी नव्हते, आणि तरी आपण कोणाला तरी ऐकवत होतो, याची त्यांना किळस आली.

रविवारी चर्च भरलेले होते. निरीक्षक बारा कार्डे घेऊनच उभे राहिले. कार्डांशिवाय उभे राहणे हाही एक दिखावा झाला असता. ते प्रेषिताबद्दल बोलले, त्याच्या भीतीबद्दल बोलले, सहावे कार्ड संपले. सातव्यावर ते इस्पितळाच्या दारापाशी आले. मागच्या भिंतीवर घड्याळाचा काटा एकोणिसावर सरकला, चावीवाल्याच्या चपला वाजल्या, बटण खट्‌ झाले. पाती मंदावू लागली. लोकांनी श्वास रोखला. रुमाल बाहेर निघाल्याची कुजबुज त्यांना ओळखीची होती. “त्यानं माझा हात धरला,” ते म्हणाले, आणि त्यांचे लक्ष ऑर्गनवरच्या आरशाकडे गेले. एकतीस वर्षांत त्यांनी त्या आरशात कधी पाहिले नव्हते. तो तिच्यासाठी आहे एवढेच त्यांना ठाऊक होते. तो इकडूनही बघता येतो हे सुचले नव्हते. हाताएवढ्या काचेत तिचा चेहरा होता. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि कपाळाला आठ्या होत्या, दूरच्या खोलीतले बोलणे ऐकण्यासाठी माणूस कान देतो तसे. हात वर उचललेले. ते पाहताच त्यांच्या गळ्यातून तो हुंदका वर येऊ लागला; तोच, तेवढाच, त्याच उंचीचा. खरे दुःख आले होते आणि तेही त्याच घासलेल्या वाटेने बाहेर पडू पाहत होते. हे त्यांच्या कल्पनेबाहेरचे होते. त्यांनी तोंड मिटून घेतले. हुंदका दातांवर येऊन थांबला, गिळला गेला, पुन्हा आला, पुन्हा गिळला. पाती थांबली.

“त्यानं माझा हात धरला नव्हता,” ते म्हणाले. आवाज कोरडा होता, तपासणीचा अहवाल वाचावा तसा. “दार उघडं आहे, असंही तो म्हणाला नव्हता. ते मी घातलं. तो म्हणाला, ‘दादा, तो पंखा बंद कर रे. डोकं उठलंय माझं.’ मी बटण शोधायला गेलो. सहा बटणं होती. पाचवं पंख्याचं निघालं. मी वळलो तेव्हा तो गेला होता. माझी पाठ होती त्याच्याकडे.” कोणीतरी खोकले. एक रुमाल परत पर्समध्ये गेला. ‘मला काही सांगता येत नाही’ हे वाक्य जिभेवर आले तेव्हा तेही वापरून झालेले आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून तेही म्हणाले नाहीत. उभे राहिले. पाठीवर दार उघडल्यासारखे काही वाटते का, याची आतल्या आत वाट पाहणारा निरीक्षक अजून जागा होता; त्याला काहीही जाणवले नाही. “चावीवाले,” ते म्हणाले, “पंखा लावा. उकडतंय लोकांना.” आणि ते खाली बसले.

गीत सुरू झाले नाही. आवाज फुटला नव्हता, तर सुरू कसे करणार? किती वेळ गेला ते त्यांनी घड्याळात पाहिले नाही. मग ऑर्गनमधून एक सूर आला, एकटा, अडखळत, मग दुसरा. एकशे बाराव्या पानावरचे गीत ते नव्हते. लहान मुलांना पहिल्यांदा शिकवतात तसले एक साधे गाणे तिने एका हाताने धरले होते, आणि लोक चाचपडत, कोणी आधी कोणी नंतर, त्यात येत गेले.

बाहेर पडताना पाळकांनी हात हातात घेतला आणि “आज जरा... वेगळं झालं,” एवढेच म्हणाले. दारातल्या एका म्हाताऱ्याने दुसऱ्या बहिऱ्याला मोठ्याने सांगितले, “आज काही साहेबांना जमलं नाही बुवा!” निरीक्षक चर्च रिकामे होईपर्यंत बाकावर बसून राहिले. धाकटी ऑर्गनवर झाकण ओढत होती. ते तिच्यापाशी जाऊन उभे राहिले. क्षमा कर म्हणायचे होते, पण तो शब्द आपल्या तोंडून कसा वाजेल याची त्यांना भीती वाटली.

“पंख्याचा आवाज त्यांना कधीच सहन व्हायचा नाही,” ती झाकणाकडे बघत म्हणाली. “लग्न झाल्यावर पहिलं भांडण आमचं त्यावरूनच झालं. मला वारा लागायचा, त्यांचं डोकं उठायचं. ‘डोकं उठलंय माझं.’” तिने ते त्याच्यासारखे म्हटले, नाक जरा वर ओढून, आणि निरीक्षकांच्या अंगावर काटा आला, कारण तो अगदी तसाच म्हणत असे. “भाऊजी, ते दुसरं वाक्य मला त्यांच्या आवाजात कधी ऐकूच यायचं नाही. एकतीस वर्षं. डोळे मिटून बसायचे मी, तुमच्या तोंडून निघालं की धरायला बघायचे. यायचा तो तुमचाच आवाज. मला वाटायचं, मी त्यांचा आवाजच विसरले. बायको असून विसरले. कुणाला सांगणार?”

तिने गीतपुस्तक उघडले, एकशे बारावे पान काढले, आणि पुन्हा मिटून स्टँडवर ठेवले.

“आज ते ऐकू आले,” ती म्हणाली.

निरीक्षकांनी ऑर्गनच्या कडेला हात टेकला. डोळे भरून आले आणि गालांवरून, हनुवटीवरून पाणी खाली जाऊ लागले. ते गळा फुटायची वाट बघत राहिले. गळ्यातून काहीच आवाज आला नाही. वर पंखा फिरत होता, करकरत होता, आणि त्या दोघांपैकी कोणीही तो बंद करायला उठले नाही.